गाईचे आत्मवृत्त

गेल्या वर्षीच्या वसुबारसेची गोष्ट. आमच्या आळीत आता एकच गोठा शिल्लक राहिला आहे. आजूबाजूला सिमेंटच्या इमारती उठल्या, परड्यांच्या जागी मोटारी उभ्या राहू लागल्या. पण शेजारच्या वहिनींनी गाय काही सोडली नाही. त्यामुळे वसुबारसेच्या संध्याकाळी आळीतल्या साऱ्या बायका निरांजने घेऊन त्यांच्याच अंगणात जमतात. गाईच्या पायांवर पाणी घालतात, कपाळाला हळदकुंकू लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि ओवाळून झाले की बाजरीची भाकरी व गवारीची भाजी तिच्या तोंडापुढे धरतात. गाय भाकरी खाते, माळेतले एखादे फूलही खाते आणि पुन्हा रवंथ करू लागते. आमची दिवाळी सुरू होते ती अशी.

त्या संध्याकाळी पुण्याहून आलेली माझी नऊ वर्षांची नात वही-पेन्सिल घेऊन गोठ्याच्या दाराशी बसली होती. शाळेने सुट्टीचा अभ्यास म्हणून एक निबंध दिला होता : 'गाईचे आत्मवृत्त'. हा निबंध वाचकांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी लिहिला असेल. मीही लिहिला आहे. आमच्या पिढीने तर म्हाताऱ्या घोड्यापासून फाटक्या छत्रीपर्यंत सगळ्यांची आत्मवृत्ते लिहिली आणि बरे गुण मिळवले. नातीने सुरुवात झकास केली होती. "मी गाय बोलत आहे. आज वसुबारस. आज माझी पूजा झाली म्हणून मला फार आनंद झाला. मी तुम्हां सर्वांना आनंदाने दूध देते."

एवढे लिहून ती थांबली आणि मला म्हणाली, "आजोबा, हे खरं आहे का?"

"काय गं?"

"हेच. तिला आनंद झाला ते. आज वसुबारस आहे हे तिला कुठं माहीत असणार?"

"अगं, आत्मवृत्त म्हणजे कल्पनाच ना! गाय काही खरोखर लिहीत नाही."

"मग खोटंच की! बाई म्हणतात, खोटं बोलू नये. आणि बाईच सांगतात, खोटं लिहून आणा."

मी हसलो. मोठ्या माणसांना उत्तर सुचले नाही की ती हसतात. तेवढ्यात वहिनी चरवी घेऊन आल्या. त्या दिवशी उपास करणाऱ्या बायका दुधातुपाला शिवत नाहीत. पण गाईची धार काही चुकत नाही. त्यांनी वासराचे दावे सोडले. ते धावत जाऊन आईच्या कासेला ढुशा देऊ लागले. गाय त्याला चाटू लागली, तिने पान्हा सोडला, आणि तोंडाला फेस यायच्या आत वहिनींनी वासराला ओढून पुन्हा खुंट्याला बांधले. ते दावे ताणून उभे राहिले. चरवीत धारेचा आवाज सुरू झाला.

"त्याला का ओढलं, आजोबा?"

"त्यानं तोंड लावल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही. म्हणून आधी त्याला सोडायचं, मग धार काढायची. एक सड राखून ठेवतात हो त्याच्यासाठी."

नात काही बोलली नाही. तिने वहीतल्या 'आनंदाने' या शब्दाखाली एक रेघ ओढली आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढले.

ते प्रश्नचिन्ह वर्षभर माझ्या मनात आहे. मुक्या जनावराच्या तोंडी आपण शब्द घालतो, हे योग्य आहे काय? आणि जे पुस्तक आपण मुलांच्या हाती देतो, त्यात जनावराचे मन म्हणून जे लिहिलेले असते, ते नेमके कोणाचे मन असते?

*

आपल्याकडे जनावरे बोलू लागली ती आजकाल नव्हे. विष्णुशर्म्याने राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी सिंह, बैल, कोल्हे, बगळे आणि खेकडे यांना बोलते केले, आणि पंचतंत्र जगभर गेले. चिऊचे घर मेणाचे आणि काऊचे शेणाचे, ही गोष्ट ऐकल्याशिवाय मराठी घरात कोणी मोठे झालेले नाही. या गोष्टींशी माझे भांडण नाही. त्यांतला कोल्हा हा कोल्ह्याचे कातडे पांघरलेला माणूस आहे, हे चार वर्षांच्या पोरालाही कळते. चिमणी खरोखर बाळाला तीट लावत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि तरी ते दार उघडण्याची वाट पाहत असते. तिथे कोणी कोणाला फसवत नाही. मुखवटा घालून नाचणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही.

अडचण सुरू होते ती मुखवटा काढून ठेवल्यावर. "ही गोष्ट नव्हे, रानातली खरी हकीकत आहे," असे म्हणून जेव्हा पुस्तक मुलाच्या हाती येते, तेव्हा त्याची जबाबदारी वाढते. कारण मूल त्या पुस्तकावर विसंबून वागू लागते. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या हातून एक जीव असा गेला आहे.

मी तेव्हा नातीएवढाच होतो. आमच्या परसात कढीलिंबाच्या झाडाखाली मला बुलबुलाचे एक पिल्लू सापडले. अंगावर पिसे होती, शेपूट मात्र आखूड, आणि उडता धड येत नव्हते. मी गोष्टींच्या पुस्तकांवर वाढलेला मुलगा. पुस्तकांत एकटे पिल्लू म्हणजे अनाथ पिल्लू. त्याची आई हरवलेली असते आणि एखादा दयाळू मुलगा त्याला घरी नेतो. मला दयाळू मुलगा होण्याची संधी मिळाली होती. मी त्याला कापसाच्या गादीवर, बुटांच्या खोक्यात ठेवले. कापसाच्या बोळ्याने दूध पाजले, दूधभाताची शिते चोचीत कोंबली. रात्री थंडी वाजेल म्हणून आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरला. दिवसभर दोन बुलबुल कढीलिंबावर बसून कर्कश ओरडत होते. त्यांचे घरटे कोणी मोडले असेल, असे वाटून मला त्यांचीही कीव आली. तिसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू मेलेले होते. मी फार रडलो, आणि घरातल्या सगळ्यांनी माझ्या कोवळ्या मनाचे कौतुक केले.

पुष्कळ वर्षांनी मला कळले, की बुलबुलाची पिल्ले नीट उडता येण्याआधीच घरटे सोडतात. काही दिवस ती झुडपांत, जमिनीवर बसून राहतात आणि आईबाप त्यांना किडे आणून भरवतात. म्हणजे ते पिल्लू अनाथ नव्हते. ते ओरडणारे दोन बुलबुल त्याचे आईबाप होते. दूध हे पाखराचे अन्नच नव्हे. मी त्या पिल्लाला उचलले नसते, तर कदाचित ते जगले असते. माझी माया खोटी नव्हती. पण ती त्या पिल्लावर नव्हतीच. ती माझ्या पुस्तकातल्या एका मुलावर होती, ज्याला पिसे फुटली आहेत असे मी समजलो होतो.

नागपंचमीला आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आलो. साप दूध पीत नाही. गारुड्याने तहानलेला ठेवलेला साप पुढे येईल ते पितो. पुंगीच्या सुरांवर तो डोलतो असे आपण म्हणतो. त्याला बाहेरचा कान नाही, डोलतो तो पुंगीच्या हालचालीचा रोख धरून. भक्ती खरी, दूध खरे, आणि हाल होतात ते सापाचे.

*

या प्रश्नावर अमेरिकेत एकदा मोठे रण माजले होते. अर्नेस्ट थॉम्पसन सीटन यांचे रानातल्या प्राण्यांच्या चरित्रांचे पुस्तक 1898 साली निघाले आणि घरोघरी गेले. त्यांच्यामागोमाग विल्यम लाँग नावाच्या लेखकाची पुस्तके शाळांतून वाचली जाऊ लागली. लाँग यांनी एक हकीकत अशी लिहिली, की वुडकॉक नावाच्या पक्ष्याचा पाय मोडला, तेव्हा त्याने ओली माती आणि गवताच्या काड्या यांचा लेप चढवून स्वतःच पाय बांधून घेतला. जॉन बरोज हे म्हातारे निसर्गलेखक भडकले. 1903 साली त्यांनी 'अटलांटिक मंथली' मासिकात लेख लिहून या मंडळींना खोटा निसर्ग विकणारे ठरवले. लाँग यांनी साक्षीदार उभे केले. वाद चार वर्षे चालला, आणि 1907 मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्यात उतरले. त्यांचा मुख्य राग हा, की अशी पुस्तके शाळेत मुलांना सत्य म्हणून शिकवली जातात.

बरोजांची बाजू मला पटते. पण लगेच एक पुस्तक आठवते आणि मी थांबतो. अ‍ॅना सेवेल या इंग्रज बाईचे 'ब्लॅक ब्यूटी' 1877 मध्ये प्रसिद्ध झाले. तेही आत्मवृत्तच, आणि एका घोड्याचे. हा मजकूर मूळ घोड्याच्या भाषेतून भाषांतरित केला आहे, असे मुखपृष्ठावरच गमतीने छापले होते. लहानपणी झालेल्या दुखापतीने बाईंना नीट चालता येत नसे. जन्मभर त्यांचे हिंडणे-फिरणे घोड्यावाचून होत नव्हते. त्या काळी श्रीमंतांच्या गाडीच्या घोड्यांना एक आखूड लगाम लावीत. त्यामुळे घोड्याची मान ताठ उंच राही आणि तो रुबाबदार दिसे. त्या घोड्याला चढावर मान खाली घालून जोर लावता येत नसे. त्याचा श्वास कोंडे. सेवेलबाईंच्या घोड्याने हे सारे इंग्रजीत सांगितले, आणि त्या लगामाविरुद्ध लोकमत तयार होण्यास या पुस्तकाने मोठा हातभार लावला.

आता पाहा. घोडा इंग्रजी बोलत नाही, म्हणून 'ब्लॅक ब्यूटी' खोटे. पण मान ताणली की दुखते, हे खरे. लाँग यांचा पक्षी एक शब्दही बोलत नाही. पण तो पाय बांधतो, हे खोटे. तेव्हा जनावर बोलते की नाही, हा मुद्दाच नव्हे. त्याच्या तोंडी घातलेली गोष्ट त्याच्या अंगाची आहे, की आपल्या सोयीची, हा मुद्दा आहे.

या कसोटीवर माझ्या नातीचे वाक्य लावून पाहावे. "मी तुम्हां सर्वांना आनंदाने दूध देते." हे वाक्य गाईचे नव्हे, ते दूध पिणाऱ्याचे आहे. वासराच्या वाटणीचे आपण घेतो, याची मनाला कुठेतरी टोचणी असते. ती जावी म्हणून आपणच पावती लिहितो आणि तिच्यावर गाईचा अंगठा उठवतो. शाळेतली मुले पिढ्यान्‌पिढ्या ही पावती सुवाच्य अक्षरात लिहीत आली आहेत. दूध पिऊ नये असे मी म्हणत नाही. मी रोज पितो. पण घेतलेल्या वस्तूला 'दिलेली' म्हणणे, आणि तेही घेणाऱ्याने, हे बरे नव्हे.

*

मग गाईच्या अंगाची गोष्ट कळावी कशी? तिच्या डोळ्यांनी गोठा कसा दिसत असेल?

हा प्रश्न ज्याने शास्त्रात आणला, तो याकोप फोन युक्सक्युल हा एस्टोनियात जन्मलेला जर्मन जीवशास्त्रज्ञ. त्याने 1934 मध्ये एक छोटे सचित्र पुस्तक काढले आणि त्याला अदृश्य जगांचे चित्रपुस्तक म्हटले. त्याचे म्हणणे असे, की प्रत्येक प्राणी साबणाच्या एका फुग्यात बसलेला आहे. त्या फुग्याच्या आत जे त्याच्या इंद्रियांना कळते, तेवढेच त्याचे जग. पुस्तकात एक दिवाणखाना तीनदा काढून दाखवला आहे. माणसाच्या दिवाणखान्यात पुस्तकांचे कपाट आहे, टेबल आहे, खुर्च्या आहेत. कुत्र्याच्या दिवाणखान्यात बसायच्या जागा आणि खायच्या बशा तेवढ्या आहेत. कपाट म्हणजे नुसता अडथळा. माशीच्या दिवाणखान्यात दिवा आणि खाणे यांपलीकडे फारसे काही नाहीच. दिवाळीच्या सकाळी आपण फराळाला बसतो, तेव्हा एका खोलीत असे तीन दिवाणखाने एकमेकांत मिसळून असतात आणि कोणाला कोणाचा पत्ता नसतो.

त्याचे गाजलेले उदाहरण मात्र गोठ्यातले आहे : गोचिडीचे. त्याने वर्णिलेल्या गोचिडीच्या जातीला डोळे नसतात. कातडीला जाणवणाऱ्या उजेडाच्या रोखाने ती झुडपाच्या टोकाला चढते आणि वाट पाहत बसते. खालून एखादे सस्तन जनावर गेले, की त्याच्या कातडीतून येणाऱ्या एका आम्लाचा वास तिला लागतो आणि ती अंग सोडून देते. ऊब लागली तर नेम साधला. मग केस नसलेली जागा चाचपायची आणि रक्त प्यायचे. एक वास, एक ऊब, एक स्पर्श. आपल्या गाईचा पांढरा रंग, तिची शिंगे, गळ्यातली घंटा, तिचे पावित्र्य, यांतले काहीही गोचिडीच्या जगात नाही. आपण म्हणू, काय हे दरिद्री जग! युक्सक्युल म्हणतो, दरिद्री खरे, पण पक्के. आणि गोचिडीला जगायला पक्केपणाच हवा.

आणि आपले जग श्रीमंत आहे, असे तरी कोणी सांगितले? मधमाशीला विचारावे. कार्ल फोन फ्रिश यांनी निळ्या कागदावर साखरपाणी ठेवून मधमाश्यांना सवय लावली, मग तोच निळा कागद राखी रंगाच्या अनेक छटांच्या कागदांत मिसळून ठेवला. माश्या बरोबर निळ्यावर उतरल्या. म्हणजे त्यांना रंग कळतात, हे 1914 च्या सुमारास सिद्ध झाले. तांबड्या कागदाच्या बाबतीत मात्र त्या फसल्या. त्यांना तो काळ्यासारखाच. उलट, आपल्याला मुळीच न दिसणारे अतिनील किरण त्यांना दिसतात, आणि आपल्याला साध्या पिवळ्या वाटणाऱ्या कित्येक फुलांवर त्यांना मधाकडे नेणाऱ्या खुणा काढलेल्या दिसतात. फ्रिश यांना 1973 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपण आकाशकंदिलाला हौसेने लाल कागद लावतो. बागेतल्या मधमाशीला विचाराल, तर आपण तो काळा रंगवला आहे.

गाईचेही असेच. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, बाहुली आडवी. मान न वळवता तिला सुमारे 330 अंशांचा परिसर दिसतो. अगदी पाठीमागची एक चिंचोळी पट्टी काय ती सुटते. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, तिच्या डोळ्यांत दोन. कुंकवाचा जो लाल रंग आपल्याला सगळ्यांत उठून दिसतो, तो तिच्यासाठी तसा उठून दिसत नाही. पण तिला सुमारे 35,000 कंपनांपर्यंतचा बारीक आवाज ऐकू येतो. आपली मजल 20,000 पर्यंत. आणि वासरू व्याल्यावर पहिल्या काही तासांत चाटून-हुंगून ती त्याला जे ओळखते, ते असे की कळपातल्या दुसऱ्या वासराला सहसा जवळ येऊ देत नाही. आपण बाळाचे तोंड पाहतो. गाय बाळाचा वास पाहते. मराठीत 'वास पाहणे' हा प्रयोग आपण किती सहज करतो! गाईला तो शब्दशः लागू आहे.

इथे कोणी तत्त्वज्ञ हटकेल. 1974 मध्ये टॉमस नेगेल या अमेरिकन तत्त्वज्ञाने एक लेख लिहून विचारले, की वटवाघूळ असणे म्हणजे काय असते? किडे खाणारी लहान वटवाघळे स्वतःच बारीक चीत्कार काढतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून अंधारात वाट काढतात. आपल्या वडाला लोंबणारी मोठी फळखाऊ वटवाघळे मात्र डोळे आणि नाक यांवरच भागवतात. नेगेलचे म्हणणे असे : मी पंख लावून, उलटा टांगून, किडे खाऊन पाहण्याची कल्पना करू शकतो, पण त्यातून मला कळेल ते मी वटवाघूळ झालो तर मला कसे वाटेल, हे. वटवाघळाला वटवाघूळ म्हणून कसे वाटते, ते कळणार नाही.

हे मला मान्य आहे. पण या मान्यतेतला एक धोकाही दिसतो. 'कळत नाही' हे फार सोयीचे वाक्य आहे. सतराव्या शतकात देकार्तने जनावरांना घड्याळासारखी यंत्रे मानले. यंत्राला दुखत नाही, हे पुढचे पाऊल टाकायला माणसांना वेळ लागला नाही. गाईला सारे काही आपल्यासारखेच वाटते असे म्हणणारा आणि तिला काहीच वाटत नाही असे म्हणणारा, हे दोघे दिसतात एकमेकांचे शत्रू. पण दोघांचीही एक गोष्ट समान आहे. दोघेही गाईकडे पाहायचे थांबलेले असतात.

मग मुलांसाठी लिहिणाऱ्याने काय करावे? मला रेचल कार्सनची रीत आवडते. 1941 मध्ये तिचे समुद्राच्या जीवनावरचे पहिले पुस्तक निघाले. ते मुद्दाम मुलांसाठी लिहिलेले नव्हे. पण मुलांच्या निसर्गपुस्तकांनी गिरवावा असा तो कित्ता आहे. किनाऱ्यावरचा एक चिमुकला पक्षी, आपल्या बांगड्याच्या कुळातला एक मासा आणि अंडी घालायला नदीतून समुद्राकडे निघालेली एक वाम, ही त्यातली पात्रे. तिने त्यांना नावे दिली, पण वाचा दिली नाही. आणि प्रस्तावनेत तिने वाचकाशी सरळ करार केला, की मासा भ्यायला असे मी लिहीन, पण त्याला आपल्यासारखेच भय वाटते असा माझा दावा नाही. तो भ्यालेल्यासारखा वागतो, एवढेच. मराठीत यासाठी फार सुंदर शब्द आहे : जणू. 'जणू' म्हणणारा माणूस खोटे बोलत नाही आणि गप्पही बसत नाही. तो पाऊल टाकतो आणि जमीन कुठे संपते तेही सांगतो.

*

हे सारे परदेशी विद्वानांचे झाले. पण या वादाचा निकाल आपल्याकडे पैठणला कधीच लागून गेला आहे, असे मला वाटते.

ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखी वेद वदवले, ही कथा मराठी माणूस पाळण्यात ऐकतो. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे गावी आहे आणि लोक तिचे दर्शन घेतात. मात्र या कथेचा आधीचा भाग आपण घाईने सांगून टाकतो. पैठणच्या ब्रह्मवृंदाने विचारले, "सर्वांभूती एकच आत्मा म्हणतोस, तर हा रेडा आणि तू एकच का?" आणि रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले. कथा सांगते, की त्याचे वळ ज्ञानेश्वरांच्या अंगावर उठले. वेद नंतर आले. वळ आधी उठले. रेडा माणसासारखा बोलला तेव्हा लोक चकित झाले. पण माणसाला रेड्यासारखे लागले, हा चमत्कार मला मोठा वाटतो. वेद हे आपले शब्द. वळ हा रेड्याचा शब्द.

दुसरी कथा पैठणच्याच एकनाथांची. काशीहून भरून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला वाहायची. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तळमळताना दिसले. नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिती केली. या कथेत गाढव एक अक्षर बोलत नाही. ते आशीर्वाद देत नाही, आपण कोणी शापित गंधर्व असल्याचे सांगत नाही. नाथांनी त्याच्या मनात शिरण्याचा दावा केला नाही. त्याच्या कोरड्या तोंडाकडे पाहिले. गाढवाला गंगा आणि विहीर यांतला भेद कळत नव्हता. तहान कळत होती, आणि नाथांना तेवढे पुरले.

मुलांसाठी जे निसर्गाचे पुस्तक लिहायचे, ते या दुसऱ्या कथेसारखे असावे. त्यात कल्पना भरपूर असावी. कारण कल्पनेवाचून दुसऱ्याची तहान कळत नाही, मग तो दुसरा गाढव असो की शेजारी. पण त्या कल्पनेने आधी नीट पाहिलेले असावे. बुलबुलाचे पिल्लू एकटे दिसले, तर त्याच्यासाठी अश्रू ढाळण्यापूर्वी दहा पावले मागे सरून, झाडाआड उभे राहून, त्याचे आईबाप येतात का ते पाहायला शिकवणारे ते पुस्तक असावे. तसले एक पुस्तक माझ्या लहानपणी माझ्या हाती आले असते, तर पुढची साठ वर्षे ते खोके मला आठवले नसते.

*

आता निबंधाचे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या दिवशी नातीने पान फाडून नवे लिहायला घेतले. "आजोबा, 'मी' लिहायचं का?" असे तिने विचारले. "लिही," मी म्हणालो, "पण तिला जे कळत असेल तेच लिही." मग ती दोन दिवस गोठ्यात बसली. वहिनींना तिने भंडावून सोडले. तिच्या निबंधात गाईला निरांजन दिसले ते जवळ येणारा ऊन उजेड म्हणून. हळदकुंकू लागले ते कपाळावरचे ओले बोट म्हणून. भाकरी मात्र खमंग होती. वासराला बांधले तेव्हा गाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिले आणि ती हंबरली. त्यापुढे तिने लिहिले होते : "त्या वेळी मला काय वाटले ते ही मुलगी लिहू शकत नाही, कारण तिला ते माहीत नाही."

त्या निबंधाला गुण किती पडले, ते मी विचारले नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आळीतल्या मुलांनी फटाक्यांची माळ गोठ्याच्या भिंतीशीच लावायला घेतली. नातीने ती उचलून पार रस्त्याच्या टोकाला नेली. मुलांनी आरडाओरडा केला. "गाईला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं," एवढेच ती म्हणाली. मग घरात येऊन तिने मला विचारले, "आजोबा, आपला कुत्रा कालपासून कॉटखालून बाहेर का आला नाही? त्याला काय वाटत असेल?"

पूर्वी मी लगेच म्हणालो असतो, "भ्यालाय गं तो, वेडा!" या खेपेला मी जमिनीवर बसलो आणि वाकून कॉटखाली पाहिले. तो अगदी कोपऱ्यात, भिंतीला अंग चिकटवून पडला होता. कान मागे गेले होते, पाण्याच्या भांड्याला त्याने तोंडही लावले नव्हते. त्याच्या कानांना सुमारे 45,000 कंपनांपर्यंतचे आवाज पोचतात. त्या रात्री त्याच्या जगात काय चालले होते, ते मला सांगता येणार नाही. मी ते भांडे त्याच्या तोंडाजवळ सरकवले, रस्त्याकडची खिडकी लावून घेतली आणि नातीला म्हणालो, "आपण इथंच बसू या थोडा वेळ. गडबड करू नकोस. नुसतं बघ."